दोन बोटांची बाई

९ ऑक्टोबर

आज माझा पंखा गेला. इतिहासात नोंद असावी म्हणून लिहून ठेवते.

मेला नाही. धडधाकट आहे, अजून पोळ्याच्या बैलासारखी मान हलवतो. पण त्याचं सिंहासन गेलं. आमच्या भंडाऱ्याकडच्या शहापूरच्या समाजमंदिरात भिंतीला प्लग एकच. बावीस वर्षं त्या प्लगावर माझ्या टेबलफॅनचा हक्क. महिला भजन मंडळात पेटी मी वाजवते, भाता मी ओढते, घाम मला येतो, तर वारा माझा. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. आजपर्यंत!

तालमीला गेले तर पंख्याची पिन जमिनीवर पडलेली, मेलेल्या उंदरासारखी. प्लगात भलतीच काळी वायर. वायरीच्या टोकाला स्पीकरचा काळा डबा, डब्याला तांबडी गिटार, गिटारीला मेघा.

मेघा म्हणजे गोदावरीबाईंच्या माळ्यावर आलेली नवी भाडेकरू. नागपूरची, तेहतीस वर्षांची, नवरा हायवेवरच्या कारखान्यात. माझ्याकडे बघून गोड हसली— "काकू, पाच मिनिटं चालेल ना पंख्याशिवाय?"

काकू! मी अठ्ठेचाळीस. पंधरा वर्षांच्या फरकात 'ताई' बसते. पाय पसरून बसते.

पाच मिनिटं दोन तास चालली. तिनं केलं काय? दोन बोटं. एक बोट या तारेवर, एक बोट त्या तारेवर, आणि तोच पंजा खाली-वर सरकवत राहिली, दुकानात मीटरपट्टी सरकवतात तशी. डबा असा गरजला की खिडकीची काच थरथरली. आणि सगळ्या बायका खूश! गोदावरीबाई आमच्या अध्यक्ष, सत्तरीच्या, पन्नास वर्षं खंजिरी वाजवलेला हात— त्या मला म्हणतात, "शोभे, आयक व. छाती धडधडून राहिली माही!"

छाती धडधडते तर डॉक्टरला दाखवा, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. तालीम संपेपर्यंत ब्लाउज पिळून निघाला.

१० ऑक्टोबर

मेघाची बोटं लांब आहेत, नखं नीट कापलेली. नावं ठेवायला जागा सापडली नाही. शोध चालू.

१३ ऑक्टोबर

आज हर्षा तिच्या गिटारीवर गायली.

हर्षा माझी धाकटी जाऊ. एकाच घरात आम्ही, चुली दोन, अंगण एक. गळा चांगला आहे तिचा, मी कधी नाही म्हटलं नाही. फक्त गंधार उतरतो. सा, रे झाले की तिसरा सूर, ग— तिथं आली की केसभर खाली राहते. मी पेटीची पट्टी दाबून धरते, ती खालीच. अकरा वर्षांपूर्वी तुमसरच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मीच सांगितलं, "हर्षा, तुझा गंधार लागत नाही, तू मागं बस." तेव्हापासून पुढं मी गाते, ती कोरसमध्ये. कुरकुर नाही, काही नाही. घरातही भांडी घासताना गुणगुणते तेवढंच.

तर आज गोदावरीबाईंचा हुकूम निघाला— "या बारी हर्षा म्हनन पुढं, मेघाच्या बाजावर. पाहू तं कसं लागते." भजन माझंच, मी लिहिलेलं: देव दारी आला, ओसरी झाडली नाही. 'ओसरी'च्या 'ओ'वर गंधार आहे. म्हटलं, आता पडेल तोंडावर.

पडली नाही. गात राहिली. आणि डोळे मिटले!

ही गोष्ट मला सहन होत नाही म्हणून पुन्हा लिहिते. तिनं डोळे मिटले. माझ्या पेटीवर गाताना बाई कधी डोळे मिटत नाही. माझ्या बोटांकडे बघत असते, मास्तरच्या छडीकडे बघावं तशी.

मी गुपचूप मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतलं. पुरावा म्हणून. दिवाळीच्या फराळाला मी मंडळात कोणाची तरी नक्कल करते, ती लिहायला कामात येईल.

३० नोव्हेंबरला भंडाऱ्यात महिला भजन स्पर्धा आहे. पुढं मी बसणार की ती, ते अजून ठरलं नाही. म्हणजे ठरत आलंय. म्हणूनच लिहीत बसलेय.

१५ ऑक्टोबर

शत्रूचं हत्यार समजून घ्यावं म्हणतात. दुपारी दुकानात बसून मोबाईलवर शोधलं. दुकान यजमानांचं, साड्यांचं. भैय्यालाल नाव. (इथं नाव घेते, वही काही सासूबाईंना सांगायला जात नाही.)

त्या दोन बोटांना नाव आहे: पॉवर कॉर्ड! नाव ऐकून वाटावं की महावितरणनं काढलंय. आत काय? सा आणि प. संपलं. बाकीची मंडळी कॉर्ड म्हणून सा-ग-प असे तीन सूर एकदम वाजवतात. हिच्यात मधला ग गाळलेला. तीन पायांची तिवई, एक पाय काढून ठेवलेला, आणि म्हणे पॉवर!

मला इतका आनंद झाला की गिऱ्हाइकाला दोन पातळं जास्त दाखवली.

भैय्यालाल म्हणतात, "काय हसून राहिली एकटीच?"

म्हटलं, "तिच्यात गंधारच नाही!"

"कोनाच्यात?"

"पॉवरच्यात."

"मंग मिस्त्रीले बोलाव," म्हणाले आणि हिशोबात डोकं घातलं. असा संसार.

१७ ऑक्टोबर

मेघाकडे गेले. कारण सांगितलं प्लगाचं— तालमीला एक्स्टेंशन बोर्ड आणता आला तर पाहा, दोघींच्या वायरी लागतील. खरं कारण नक्कलीला मसाला.

तिनं चहा ठेवला आणि गिटार सरळ माझ्या मांडीवर! "काकू, एकदम सिंपल आहे. पहिलं बोट इथं, चौथ्या घरात, हा सा. तिसरं बोट खालच्या तारेवर, दोन घरं पुढं, हा प. झालं. आता हाच पंजा कुठंही सरकवा, तिथं नवा सा, नवा प."

तार बोटात रुतली. काय ती तार! केरसुणीची काडी नखात जावी तसं झालं. दोनदा तर आवाजच नाही, नुसतं 'खट्'. तिसऱ्यांदा वाजलं. चौथ्यांदा कोणी न सांगता मीच वाजवलं— ते इथं लिहिते, बाहेर बोलणार नाही.

विचारलं, "गंधार कुठं ठेवला?"

"नसतोच ना. डब्याचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. त्यात ग घातला की किचकिच होते, सूर आपसात भांडतात. म्हणून काढून टाकायचा." मग म्हणते, "आणि फायदा असा की ही कॉर्ड हसतही नाही, रडतही नाही. ग शुद्ध लावायचा की कोमल, ते गाणारी ठरवणार. आपण फक्त जागा मोकळी ठेवायची."

जागा मोकळी ठेवायची! मला माझे वडील आठवले. मोहाडीला मागावर बसायचे. नुसता ताणा लावलेला असला की उभे धागेच धागे, कापड नाही. म्हणायचे, "ताना कोनाचा रंग मांगत नाही, पोरी. रंग बाना आनते, आडवा धागा." पेटीही त्यांचीच, मी वाजवते ती.

अशी तुलना सुचली याचा राग आला. चहा अर्धा सोडून उठले. चहाही चांगला होता, तेवढंच बाकी होतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुकानात गर्दी. मेघानं फराळाला अनारसे पाठवले, जाळीदार. कुणी सांगितलं होतं!

२६ ऑक्टोबर

आज मंडळाचा फराळ, आणि फराळानंतर माझी नक्कल. सोळा वर्षांची रीत आहे. दरवर्षी मी कोणाची तरी नक्कल करते. कोणाची, ते शेवटपर्यंत सांगत नाही. नियम एकच: जिची नक्कल, तिनं सगळ्यांत आधी हसायचं. एका वर्षी गोदावरीबाईंची केली, खंजिरी वाजवताना डुलकी लागते ती. म्हातारी हसून हसून रडली. हा नियम आहे म्हणून आमचं मंडळ टिकलंय.

यंदा नाव ठेवलं 'दोन बोटांची बाई'. सूप उलटं धरून गिटार केली. दोन बोटं पुढं काढली. या दोन बोटांनी बाई मीठ टाकते, याच दोन बोटांनी भिंतीचा रंग तपासते, नवऱ्याचा कान धरते, प्रत्येक वेळी तोंडानं 'ढ्यांऽऽ'! बायका लोटपोट. मेघाला नियम माहीत नव्हता, तरी तीच आधी हसली. आडपडदा न ठेवता, पोट धरून. तिथंच थांबायला पाहिजे होतं मी.

पण ती मोकळी हसली ना, ते मला लागलं. टोचायला गेलेली सुई वाकली. मग सूप खाली ठेवलं आणि वहीत नसलेलं वाक्य बोलले— "आमच्या हर्षाला मात्र बाजा बरोबर भेटला बाप्पा! बाजात गंधार नाही, गळ्यात गंधार नाही. नसलेला उतरेल कुठून?"

सगळ्यात मोठं हसू या वाक्याला.

हर्षा हसली. आधी हसली. नियमाप्रमाणे. मग चहाचे कप गोळा करून नळावर घेऊन गेली. कप धुवायला अर्धा तास लागत नाही.

२७ ऑक्टोबर

हर्षानं सकाळी नेहमीसारखी वाटीभर भाजी दिली. "घ्या ताई." 

भांडी घासताना नुसता भांड्यांचा आवाज. 

३० ऑक्टोबर

गोदावरीबाई दारात. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

"हर्षा नाही म्हनते गाऊन. गळा बसला म्हनते."

"थंडी पडतेय जराशी," मी म्हटलं.

"शोभे, मी सत्तर वर्साची आहो. बसलेला गळा आन् बसवलेला गळा, मले कळते."

गेल्या. आता पुढं मीच गाणार हे उघड आहे. हवं होतं ते मिळालं. जेवण गेलं नाही. वांग्याचं भरीत होतं तरी!

२ नोव्हेंबर

समाजमंदिरात मेघा एकटीच होती. मी पेटी पुसायला गेले होते. म्हणजे कोणीतरी असेल म्हणून गेले होते.

म्हणाली, "काकू, माझी नक्कल मस्त होती. मी आईला फोनवर करून दाखवली." मग गिटारीच्या तारांकडे बघत, "पण एक सांगू? हर्षाताईंचा ग उतरत नाही."

म्हटलं, "बाई, मी तीस वर्षं पेटी वाजवते."

"हो ना. तुम्ही पेटी ऐकता. एकदा हे ऐका." तिनं काळी चारचा सा धरला, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा सा; हर्षा त्यातच गाते. तीच दोन बोटं. एकदाच वाजवलं आणि तारा तशाच वाजू दिल्या. डबा गुरगुरत राहिला. "काही बोलू नका. नुसतं ऐका. आत कोणी गातंय का?"

काय सांगू! आवाज विरत गेला आणि त्याच्या वरती, लांब, विहिरीत कोणी बोलावं तसा— गंधार. मी मागं वळून बघितलं, हर्षा आली की काय. कोणी नव्हतं. मेघाची बोटं सा आणि प वर. ग कोणी वाजवत नव्हतं, तरी होता.

मी पेटी उघडून पांढरी एक दाबली, काळी चारचा गंधार तोच. माझी पट्टी त्या सुराच्या वरती जाऊन बसली आणि दोघांचं भांडण लागलं, कानात वळवळ. हर्षा जिथं उभी राहते, तिथंच तो डब्यातला सूर होता. खाली. केसभर.

"डबा बिघडला आहे तुझा," म्हटलं आणि आले.

४ नोव्हेंबर

भंडाऱ्याला गेले, टेकचंदकडे. पेट्या दुरुस्त करतो, त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांची पेटी बांधली होती. म्हटलं हा माझ्या बाजूनं बोलेल. घरचा माणूस.

पेटी ठेवली आणि म्हटलं, "गंधार पाहून दे. कोणी म्हणतं चढला आहे."

त्यानं वाजवूनही नाही पाहिला! "चढलाच राह्यते बाई. बिघडला नाही तो. पेटी जल्मतेच तशी."

"म्हणजे?"

"पेटीचे बारा सूर सारखे वाटलेले राह्यते. भावाभावात वावर वाटते ना, तसे. सारखं वाटलं की भांडन मिटते, पन कोनाले आपला असली हिस्सा भेटत नाही. पंचमाचं नुकसान कमी. गंधाराचं जास्त, त्याले वर ढकलून देते. कोन्याही पट्टीत वाजवता यावं म्हनून हे सोंग." मग कोपऱ्यातला तानपुरा ओढून छेडला. "आयका. सा आन् प, दोनच लावले. ग आयकू येते का?"

येत होता. तोच. विहिरीतला.

"स्वयंभू गंधार म्हनते याले. कोनी लावत नाही, आपोआप निंगते. ज्याचे कान चांगले, त्याचा गळा याच्यावर जाते. पेटीवाले म्हनते उतरला." आणि हसला. "असे किती गळे मारले असन आमच्या पेट्यांनी, देवालेच मालूम."

मोबाईल काढला. १३ तारखेचं रेकॉर्डिंग, माझा पुरावा. त्याला ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यानं (सगळेच मिटतात!). 'ओसरी' आलं तसा बोटानं खुणावला— "हा पाहा. कोन आहे ही बाई?"

"माझी जाऊ."

"हिले पेटीवर नका गाववू."

परतताना बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा वारा नको वाटला.

५ नोव्हेंबर

हर्षाचा गंधार बरोबर होता. लिहून पाहिलं. कागद फाटला नाही.

७ नोव्हेंबर

मला माहीत नव्हतं, अशी पळवाट दोन दिवस चाटून पाहिली. पेटी चुकीची असते हे मला काय ठाऊक! तीस वर्षांत कोणी सांगितलं? टेकचंदनं तरी? मी निर्दोष. दोष लाकडाचा.

पण तुमसरची ती तालीम आठवते. हर्षा नवीन लग्न होऊन आलेली. 'ओसरी' म्हणाली आणि समोरच्या बायकांच्या हातातले टाळ थांबले. ताल चुकला म्हणून नाही. थांबले. माझ्या गाण्याला कधी टाळ थांबले नव्हते. मी पट्टी दाबली, ती खाली होती, आणि मला— हे आज पहिल्यांदा लिहिते— हायसं वाटलं.

पट्टी चुकीची आहे हे ठाऊक नव्हतं. पण चूक तिची असावी असं मला हवं होतं. सापडली. अकरा वर्षं घट्ट धरून बसले. नक्कल मी साऱ्या गावाची केली. माझी करायला कोणी नव्हतं, नाहीतर आधी हसायची पाळी आली असती.

मेघाचा राग अजून आहे. कमी झालेला नाही. तिनं महिन्याभरात ऐकलं ते मी अकरा वर्षांत ऐकलं नाही. राग दुसरा कशाचा असतो?

९ नोव्हेंबर

हर्षाशी बोलायला गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. वाक्य घोकून गेले होते: हर्षा, चूक माझी होती. सहा अक्षरी शब्द नाही एकही.

तोंडातून निघालं, "यंदाचे तांदूळ फार खडेदार आहेत व."

"नाही ताई, बरे आहेत."

"हो का." 

आणि परत आले! जगावर शेरे मारायला जीभ लखलखते, एक साधं वाक्य म्हणायचं तर गोमूत्र प्याल्यासारखं तोंड. शिवाय बोलून काय होणार? ती म्हणेल, "जाऊ द्या ताई." ती सगळ्यालाच जाऊ द्या म्हणते. आणि मग तालमीला मी पुन्हा तीच पट्टी दाबेन, तो चढा सूर पुन्हा तिच्या कानात. माफी मागून पेटी थोडीच उतरते.

उतरते का?

१२ नोव्हेंबर

टेकचंद म्हणाला, नाही करत.

"बापाची पेटी आहे बाई तुमच्या. रीडची पितळी पत्ती एकडाव घासली की घासली. पुन्हा मागं येत नाही."

म्हटलं, "पांढरी एक घास. वरची, खालची, सगळ्या सप्तकांतली. या आवाजाला मिळव." मोबाईल त्याच्यासमोर ठेवला.

"काळी चारले गोड होईन. मान्य. बाकीच्या पट्ट्यांचं काय? तुमी स्वतः कोन्त्या पट्टीत गाता?"

"पांढरी चार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "पांढरी चारचा पंचम कोनता?"

मला ठाऊक होतं. रात्रंदिवस वाजवलेली पेटी आहे. पांढरी एक. हर्षाचा गंधार तोच माझा पंचम, एकच पट्टी. तिचा घासून खाली आणला तर माझा प पडणार. गंधार केसभर हलला तर खपतो, पंचम हलला की आंधळ्यालाही कळतं. सा आणि प, दोनच तर लागतात! मेघाचा डबासुद्धा तेवढ्यावर उभा आहे.

"मंग तुमी या पेटीवर गाऊ शकान नाही," तो म्हणाला. "कधीच."

म्हटलं, "घास."

तो घासत बसला, मी समोर. पत्र्यावर कानस फिरताना दातात शिरशिरी येते. दोनदा म्हणाला, "अजून?" दोन्ही वेळा रेकॉर्डिंग लावलं. तिसऱ्यांदा त्यानंच मान हलवली.

घरी भैय्यालाल म्हणाले, "झाली का दुरुस्त?"

म्हटलं, "हो. बिघडवून आणली."

"बरं," म्हणाले. हिशोबात डोकं.

१५ नोव्हेंबर

मेघानं समाजमंदिरात एक्स्टेंशन बोर्ड आणून लावला. पंखा परत आपल्या जागी! फिरवून दाखवला मला, आनंदानं. बाहेर अशी थंडी की गोदावरीबाई शाल पांघरून बसलेल्या. मी पंख्यासमोर बसून राहिले कुडकुडत. हक्क म्हणजे हक्क.

तिला विचारलं, अनारशांना पीठ किती दिवस भिजवतेस. तीन म्हणाली. मी चार भिजवते. तेवढं तरी.

१६ नोव्हेंबर

तालीम. गोदावरीबाईंनी हर्षाला टाळ धरायला म्हणून ओढून आणलं. ती मागं बसली, तिच्या जागी.

मी म्हटलं, "हर्षा, पुढं ये. तू म्हण."

"नको ताई. तुमीच म्हना. तुमची पांढरी चार लावा."

"त्या पट्टीत पेटी आता वाजत नाही."

"काहून?"

 मी पेटी तिच्याकडे सरकवली. तिनं भाता ओढला, दोन बोटं ठेवली. पांढरी चार, माझा सा. पांढरी एक, माझा प. इतकं बेसूर की मेघानं मान वर केली. हर्षानं बोटं उचलली. पट्टीकडे बघत राहिली. मग सा बदलला, काळी चार, तिचा सा, आणि पांढरी एक पुन्हा दाबली, आता तिचा ग. बराच वेळ दाबून धरली.

पेटी माझ्याकडे परत सरकवली. पुढं येऊन बसली.

मी सा धरला. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं नाही. डोळे मिटले.